प्रोसेसरवर पाळी कुणाची? गॅन्ट चार्टपासून सीएनसी लेथपर्यंत

व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय बेळगावातच असल्यामुळे आपल्या भागात गल्लोगल्ली इंजिनिअरिंगची मुलं भेटतात. कॉम्प्युटरच्या कुठल्याही मुलाला ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल विचारा, तो लगेच वहीत गॅन्ट चार्ट, म्हणजे कुठलं काम प्रोसेसरवर कधी चाललं याचा पट्टा, काढून दाखवतो. पी-वन म्हणजे पहिली प्रोसेस, ती किती वेळ, पी-टू किती वेळ, सरासरी प्रतीक्षा किती. उत्तर बरोबर येतं. पण हा पी-वन तुझ्या लॅपटॉपमध्ये नेमका कुठे आहे, आणि त्याला अर्ध्यात थांबवतो कोण, असं विचारलं की बहुतेक मुलं गप्प होतात. निपाणी, चिकोडी, खानापूरकडून मराठी माध्यमात दहावी करून आलेल्या मुलांची तर फारच ओढाताण होते. इंग्रजी व्याख्या पाठ केल्या की पेपर सुटतो, विषय मात्र हाती लागत नाही. मला याची मनापासून हळहळ वाटते. हा विषय अवघड नाही, आणि उद्यमबाग किंवा मच्छे या औद्योगिक वसाहतींतल्या कुठल्याही शेडमध्ये सीएनसी मशीनसमोर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या यंत्रासमोर, उभं राहिलं की तो डोळ्यांसमोर चालू असतो.

प्रोग्रॅम म्हणजे डिस्कवर पडून असलेली सूचनांची फाइल. ती वर्षभर तशीच पडून राहिली तरी काही घडत नाही. तुम्ही ती चालू केलीत की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तिच्यासाठी मेमरीत जागा काढतो, तिला एक क्रमांक देतो आणि तिच्या नावाने एक नोंद उघडतो. तिथून पुढे ती प्रोसेस झाली. एकच प्रोग्रॅम दोनदा उघडला तर दोन वेगळ्या प्रोसेस होतात, दोघींची मेमरी वेगळी, आणि एकीला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही. क्रोम ब्राउझर वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो तो याचसाठी. एक टॅब कोसळला तरी बाकीचे उभे राहतात.

कर्नलच्या त्या नोंदीत काय असतं हे एकदा नीट पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. प्रोसेसचा क्रमांक, तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक, तिने उघडलेल्या फाइली, तिच्या मेमरीचा नकाशा, तिचा अग्रक्रम, आतापर्यंत तिने प्रोसेसर किती वापरला याचा हिशेब. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती थांबली त्या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टरांमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या हाताशी असलेल्या छोट्या कप्प्यांत, काय होतं आणि पुढची सूचना कुठली होती. एवढं लिहून ठेवलं असेल तर प्रोसेसला कुठेही, अगदी एखाद्या लांबलचक हिशेबाच्या मध्यावर थांबवून तासाभराने पुन्हा तिथूनच चालू करता येतं. मधे तासभर गेला हे तिला कळतसुद्धा नाही.

आता थांबवतो कोण, हा प्रश्न. पुस्तकात तो एका ओळीत उरकतात, आणि माझ्या मते सगळा विषय तिथेच अडकतो. प्रोसेसरचा एक कोर, म्हणजे प्रत्यक्ष सूचना चालवणारा एक भाग, एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवतो. त्या कोरवर तुमचा प्रोग्रॅम चालू आहे याचा अर्थ त्या क्षणी त्या कोरवर ऑपरेटिंग सिस्टीम चालू नाही. ती कुठेतरी वर बसून पाहत असते असं मुलांना वाटतं, पण तसं काही नसतं. तीही एक प्रोग्रॅमच आहे, तिलाही चालायला तोच कोर लागतो. मग एखाद्या प्रोग्रॅममध्ये कधीच न संपणारा लूप असेल, तर त्याच्याकडून कोर परत घ्यायचा कसा?

त्यासाठी हार्डवेअरची मदत लागते. कोर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी कर्नल टायमर लावून ठेवतो. वेळ संपली की टायमर इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायचा इशारा, देतो. प्रोसेसर चालू प्रोग्रॅम जिथे असेल तिथे थांबवतो आणि कर्नलने आधीच नेमून ठेवलेल्या ठिकाणी उडी मारतो. आता कोर पुन्हा कर्नलच्या ताब्यात आला. साध्या प्रोग्रॅमला हा टायमर बंद करता येत नाही, कारण प्रोसेसरमध्येच दोन पातळ्या असतात आणि असल्या सूचना फक्त कर्नलच्या पातळीवर चालतात. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीममध्ये टायमरचा हा ठोका, म्हणजे टिक, बऱ्याच ठिकाणी सेकंदाला 250 वेळा येते, काही ठिकाणी 1000 वेळा. विंडोज 3.1 मध्ये प्रोग्रॅमांना असं जबरदस्तीने थांबवायची सोय नव्हती. प्रत्येकाने आपण होऊन कोर सोडायचा असा सगळा विश्वासाचा मामला होता. एकाने सोडला नाही की सगळा पडदा गोठायचा आणि बरेचदा मशीन रीस्टार्ट करण्याशिवाय गत्यंतर नसायचं.

टिक आली म्हणजे प्रत्येक वेळी प्रोसेस बदलतेच असं नाही. कर्नल हिशेब पाहतो, दुसऱ्या कुणाचा हक्क आधी असेल तरच बदलतो. आणि खरं तर बहुतेक वेळा प्रोसेस आपणच कोर सोडते, कारण तिला कशाची तरी वाट पाहायची असते. लिनक्सवर टर्मिनल उघडून टॉप ही कमांड द्या. दोन-तीनशे प्रोसेसची यादी येते. त्यातला अवस्थेचा रकाना वरून खाली वाचत जा. जवळजवळ प्रत्येक ओळीवर इंग्रजी एस दिसेल, म्हणजे झोपलेली, नाहीतर आय, म्हणजे कर्नलचं स्वतःचं रिकामं बसलेलं काम. कुणी कीबोर्डची वाट बघतंय, कुणी नेटवरून येणाऱ्या माहितीची, कुणी घड्याळात अमुक वाजण्याची. आर, म्हणजे चालू किंवा पाळीसाठी तयार, अशा ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मधेच एखादा डी दिसला तर ती प्रोसेस डिस्कसारख्या एखाद्या उपकरणासाठी अशी अडकलेली असते की तिला मारायची सूचनाही तोवर पोचत नाही. खराब पेनड्राइव्ह लावल्यावर असं होतं. झेड दिसला तर ती प्रोसेस संपलेली आहे, पण तिचा शेवटचा निकाल तिच्या जन्मदात्या प्रोसेसने अजून वाचलेला नाही, म्हणून नोंद तेवढी उरली आहे.

झोपलेली प्रोसेस कोरचा एक कणही खात नाही. हे एवढं पक्कं समजलं तर मोबाईलबाबतचा एक मोठा गैरसमज जातो. "सर, मोबाईल लई हँग होऊलाय, एवढी अ‍ॅपं उघडी आहेत की!" असं म्हणत मुलं अ‍ॅपं एकेक वर सरकवून काढत बसतात. त्यातली बहुतेक अ‍ॅपं झोपलेलीच असतात. मेमरी कमी पडू लागली तर अँड्रॉइड स्वतःच मागच्या प्रोसेस मारतो, ते त्याचं रोजचं काम आहे. तुम्ही सगळं पुसून टाकलंत आणि पाच मिनिटांनी तेच अ‍ॅप उघडलंत, तर ते मुळापासून उभं करावं लागतं, आणि त्याला जागं करण्यापेक्षा बॅटरी जास्त जाते. एखादं अ‍ॅप खरोखर बिघडून गरगरत असेल तर तेवढं काढा. बाकीची राहू द्यात.

आता तयार असलेल्यांपैकी पाळी कुणाला द्यायची ते पाहू. इथे पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. जातं एक, डबे अनेक. पहिल्या गिऱ्हाइकाचा गहू दळायला 20 मिनिटं लागणार, दुसऱ्याच्या ज्वारीला 4, तिसऱ्याच्या मूठभर नाचणीला 2. आले त्या क्रमाने दळलं तर पहिल्याला थांबावं लागत नाही, दुसरा 20 मिनिटं थांबतो, तिसरा 24. सरासरी 14.67 मिनिटं. हेच लहान काम आधी असं घेतलं तर नाचणीवाला 0, ज्वारीवाला 2, गहूवाला 6. सरासरी 2.67. काम तेवढंच, जातं तेच, फक्त क्रम बदलला. गॅन्ट चार्टमध्ये मुलं जे काढतात ते हेच. पण लहान काम आधी हा नियम आंधळेपणाने पाळला तर नाचणीवाले येतच राहतील आणि गव्हाचा डबा संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहील. यालाच उपासमार म्हणतात, आणि ती खऱ्या सिस्टीममध्येही होते.

मग प्रत्येकाचं थोडं थोडं दळलं तर? दोन मिनिटं गहू, दोन मिनिटं ज्वारी, पुन्हा गहू. यात कुणी उपाशी राहत नाही, पण गिरणीवाला तुम्हाला हाकलून देईल, कारण धान्य बदललं की आधीचं पीठ जात्यात उरलेलं असतं, ते झाडून काढावं लागतं. प्रोसेस बदलतानाही असाच खर्च होतो. रजिस्टरं नोंदीत लिहायची, दुसरीची भरायची, मेमरीचा नकाशा बदलायचा. यात थेट जाणारा वेळ काही मायक्रोसेकंदांचा असतो, पण खरा फटका पुढे बसतो. पहिल्या प्रोसेसने कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या छोट्या मेमरीत, आपली माहिती गोळा करून ठेवलेली असते. नवी प्रोसेस येते तेव्हा तिथे तिच्या कामाचं फारसं काही नसतं. काही काळ तिला सगळं दूरच्या मेमरीतून आणावं लागतं आणि ती रखडत चालते. म्हणून पाळी फार छोटी ठेवली तर बदलण्यातच वेळ जातो, फार मोठी ठेवली तर तुम्ही दाबलेलं अक्षर पडद्यावर उशिरा उमटतं. प्रत्येक शेड्युलर, म्हणजे पाळी ठरवणारा कर्नलचा भाग, या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी जागा शोधत असतो.

गिरणीवाल्याला निदान डबा पाहून अंदाज येतो. कर्नलला पुढची प्रोसेस किती वेळ घेणार हे माहीतच नसतं. परीक्षेत बर्स्ट टाइमचा, म्हणजे प्रोसेसला किती वेळ लागणार त्याचा, रकाना छापून देतात, प्रत्यक्षात तो कुठेच छापलेला नसतो. यावर फार पूर्वी एक सुंदर तोड निघाली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी सीटीएसएस नावाची सिस्टीम उभी केली, ज्यात अनेक माणसं एकाच संगणकावर एकाच वेळी काम करू शकत. त्यांच्या रांगा अनेक पातळ्यांच्या होत्या. एखादी प्रोसेस मिळालेली पाळी पूर्ण संपवूनही थांबत नाही, म्हणजे ती जड काम करणारी, तिला खालच्या रांगेत टाका आणि पाळी कमी वेळा पण मोठी द्या. एखादी थोडं काम करून पुन्हा माणसाच्या उत्तराची वाट पाहते, ती वरच राहू द्या. भविष्य कळत नसेल तर मागच्या वागण्यावरून ओळखायचं, अशी ही रीत. कोर्बातो यांना 1990 चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळाला.

लिनक्सने 2007 साली, 2.6.23 या आवृत्तीपासून, इंगो मोल्नार यांचा सीएफएस नावाचा शेड्युलर घेतला. त्याचा विचार अगदी सरळ आहे. प्रत्येक प्रोसेसने आजवर किती वेळ कोर वापरला हे मोजत राहायचं आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याला पुढची पाळी द्यायची. टायपिंगचा प्रोग्रॅम बहुतेक वेळ झोपलेला असतो, त्याचा आकडा मागे राहतो, म्हणून तुम्ही की दाबताच तो जागा होऊन पहिल्या नंबरावर येतो. त्यासाठी 'हा महत्त्वाचा आहे' असं वेगळं सांगावं लागत नाही. कुणाला जास्त वाटा द्यायचा असेल तर नाइस नावाचा आकडा असतो, उणे 20 ते 19. जितका आकडा मोठा तितकी प्रोसेस इतरांशी नमून वागते. नाइस 0 चं वजन 1024, नाइस 5 चं 335. अशा दोन प्रोसेस एकाच कोरवर सतत धावत असतील तर पहिलीला सुमारे 75 टक्के वेळ मिळतो आणि दुसरीला 25. रात्री व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावून त्याच मशीनवर काम करायचं असेल तर कन्व्हर्टरचा नाइस वाढवून ठेवा, फरक लगेच जाणवतो. 2023 च्या 6.6 आवृत्तीपासून सीएफएसची जागा ईईव्हीडीएफ या पद्धतीने घेतली. त्यात वाटा किती एवढंच पाहत नाहीत, तो कधीपर्यंत मिळायला हवा याचीही एक मुदत धरतात. ही कल्पना 1995 मधली, आणि मला ती सीएफएसपेक्षा जास्त पटते.

इथवर सगळा विचार न्याय्य वाटपाचा झाला. बहुतेक अभ्यासक्रमात इथेच जास्तीत जास्त गुण असतात. पण आपल्या औद्योगिक वसाहतींत ज्या सिस्टीमवर पोट चालतं, तिथे न्याय्य वाटप पुरत नाही.

सीएनसी लेथवर एम-10 चा, म्हणजे 10 मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचा, आटा पाडायचा आहे असं धरा. पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 मिलिमीटर, आणि स्पिंडल, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, मिनिटाला 1000 फेरे. स्पिंडलच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, बसवलेला जॉब (घडवायचा तुकडा) एक फेरा 60 मिलिसेकंदांत पुरा करतो आणि तेवढ्यात टूल बरोबर 1.5 मिलिमीटर पुढे सरकलं पाहिजे. म्हणजे दर मिलिसेकंदाला जॉब 6 अंश फिरतो आणि टूल 25 मायक्रॉन पुढे जातं. कंट्रोलर दर मिलिसेकंदाला स्पिंडलचा एन्कोडर, म्हणजे तो किती फिरला ते मोजणारा सेन्सर, वाचतो, टूल कुठे असायला हवं ते काढतो, कुठे आहे ते पाहतो आणि मोटरला नवी सूचना देतो. हे चक्र अखंड चालू असतं. आटा एका पासात होत नाही, टूल मागे येऊन पुन्हा पुन्हा त्याच खाचेतून जातं, आणि दर वेळी स्पिंडलच्या त्याच कोनावर आत शिरावं लागतं.

आता कल्पना करा की हा हिशेब करणारी प्रोसेस साध्या डेस्कटॉपवर, साध्या शेड्युलरखाली चालू आहे. नेमक्या त्या क्षणी अँटिव्हायरस जागा झाला आणि आपल्या प्रोसेसला 4 मिलिसेकंद पाळीच मिळाली नाही. शेड्युलरच्या दृष्टीने काहीही चुकलेलं नाही. पुढच्या काही मिलिसेकंदांत तो तुम्हाला तुमचा वाटा भरून देईल, दिवसाचा हिशेब अगदी चोख लागेल. पण तेवढ्यात जॉब 24 अंश फिरला आणि टूल जिथे हवं तिथून 0.1 मिलिमीटर मागे पडलं. त्या पासात आट्याची खाच चुकली. इन्स्पेक्शनला गो गेज, म्हणजे आटा तपासायचं माप, अर्ध्यात अडतं आणि जॉब रिजेक्शनच्या ट्रेत जातो. नंतर भरून दिलेला वेळ इथे कवडीच्या कामाचा नाही. उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चुकीचंच उत्तर आहे, रिअल टाइम म्हणतात ते याला.

रिअल टाइम म्हणजे फार वेगवान, हा समज मुलांच्या डोक्यातून काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. जुना, हळू प्रोसेसर प्रत्येक वेळी 0.8 मिलिसेकंदात उत्तर देत असेल तर वरच्या लेथला तो चालेल. नवाकोरा प्रोसेसर एरवी 0.05 मिलिसेकंदात उत्तर देतो पण लाखातून एकदा 5 मिलिसेकंद लावतो, तो चालणार नाही. इथे सरासरी बघत नाहीत, सगळ्यात वाईट वेळ किती ते बघतात. गाडीतली एअरबॅग, एबीएस ब्रेक, पेसमेकर यांत मुदत चुकली तर जीवावर बेतेल, त्यांना हार्ड रिअल टाइम म्हणतात. व्हिडिओ कॉलमध्ये एखादी फ्रेम उशिरा आली तर चित्र क्षणभर थरथरतं आणि पुढे जातं, तो सॉफ्ट. दोन्हींना एकाच मापाने तोलू नये.

मग अशी कामं अनेक असतील तर अग्रक्रम कसा लावायचा? 1973 साली लिऊ आणि लेलँड या दोघांनी यावर एक शोधनिबंध लिहिला, आजही तोच पाया आहे. त्यांचा एक नियम असा: जे काम जास्त वेळा करावं लागतं त्याला वरचा अग्रक्रम द्या. काम महत्त्वाचं आहे की नाही हा विचारच नाही, फक्त ते किती वेळाने परत येतं ते पाहायचं. आपल्या लेथचंच उदाहरण घेऊ. मोटरचं चक्र दर 1 मिलिसेकंदाला, त्याला 0.3 लागतात. सेन्सर वाचणं दर 4 मिलिसेकंदांना, त्याला 1 लागतो. सीएनसी प्रोग्रॅमच्या पुढच्या ओळींची आखणी दर 10 मिलिसेकंदांना, तिला 2 लागतात. प्रत्येक कामाचा भार म्हणजे लागणारा वेळ भागिले फेरीचा वेळ, म्हणून प्रोसेसरवरचा एकूण भार 0.3 अधिक 0.25 अधिक 0.2, म्हणजे 0.75. त्यांनी सिद्ध केलं की कामं तीन असतील, एकमेकांवर अवलंबून नसतील आणि प्रत्येकाची मुदत म्हणजे त्याची पुढची फेरी असेल, तर भार 0.78 च्या खाली असताना एकही मुदत कधीच चुकणार नाही. दोन कामांसाठी ही मर्यादा 0.828, आणि कामं वाढत गेली की ती 0.693 कडे उतरते. याच्या वर गेलं म्हणजे चुकेलच असं नाही, पण मग प्रत्येक कामाचा वेगळा हिशेब करून पाहावा लागतो.

त्याच निबंधात दुसरी रीतही आहे: ज्याची मुदत आत्ता सगळ्यात जवळ, त्याला आधी घ्या. तिच्यात एका प्रोसेसरवर भार पूर्ण 100 टक्क्यांपर्यंत नेता येतो. कागदावर ही सरसच. तरीही यंत्रांच्या जगात पहिली रीत जास्त भेटते, आणि मला ते बरोबर वाटतं. भार अचानक वाढला तर पहिल्या रीतीत सगळ्यात खालचं काम चुकतं आणि कुठलं चुकणार हे आधीच सांगता येतं. दुसरीत कुठलं काम बळी पडेल याचा नेम नसतो, आणि एकाच्या उशिरामुळे मागचीही चुकत जातात.

अग्रक्रम नीट लावूनही घोळ कसा होतो, याची सगळ्यात शिकण्यासारखी घटना मंगळावर घडली. नासाचं पाथफाइंडर यान 4 जुलै 1997 रोजी तिथे उतरलं. काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. रीसेट झाला की त्या दिवशीची उरलेली कामं पुढच्या दिवसावर जायची. यानावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम होती. माहितीच्या बसची, म्हणजे यानाच्या भागांना जोडणाऱ्या सामायिक वाहिनीची, देवाणघेवाण सांभाळणारं काम वरच्या अग्रक्रमाचं, हवामानाची माहिती गोळा करणारं खालच्या, आणि मधल्या अग्रक्रमाची इतर कामं. वरचं आणि खालचं काम एक सामायिक साधन वापरत, म्हणून त्यावर कुलूप होतं. ज्याच्या हाती कुलूप त्यानेच साधन वापरायचं.

एखादे वेळी हवामानाचं काम कुलूप घेऊन बसलेलं असे आणि नेमकी मधल्या अग्रक्रमाची लांब कामं जागी होत. ती हवामानाच्या वरची, म्हणून ती प्रोसेसर घेत. हवामानाचं काम अडलं, म्हणून कुलूप सुटेना. कुलूप सुटेना म्हणून सगळ्यात वरचं काम अडलं. म्हणजे मधल्या कामांनी, त्या कुलुपाशी काही संबंध नसताना, सर्वांत वरच्याला ताटकळत ठेवलं. ठरल्या वेळेत ते झालं नाही हे लक्षात येताच सुरक्षेसाठी ठेवलेल्या यंत्रणेने संगणक रीसेट केला. तिने तिचं काम चोख केलं होतं.

इंजिनिअरांनी पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच यंत्रणेवर प्रत्येक घडामोडीची नोंद घेत हा प्रकार पुन्हा घडवून आणला आणि कारण सापडलं. उपाय सिस्टीममध्ये आधीपासून होता, त्या कुलुपावर तो बंद ठेवलेला होता. त्याला अग्रक्रमाचा वारसा म्हणतात. खालच्या कामाकडे कुलूप असताना वरचं काम त्यासाठी थांबलं, तर तेवढ्यापुरता खालच्याला वरच्याचा अग्रक्रम द्यायचा. मग मधली कामं त्याला अडवू शकत नाहीत, ते आपलं उरकतं, कुलूप सोडतं आणि पुन्हा खाली येतं. पृथ्वीवरून सूचना पाठवून तो पर्याय चालू केला आणि रीसेट थांबले. शा, राजकुमार आणि लेहोक्झ्की यांनी या उपायाचं सविस्तर विवेचन 1990 मध्ये प्रसिद्ध केलं होतं.

साध्या लिनक्समध्येही रिअल टाइमचे वर्ग आहेत. फिफो (आधी आला तो आधी) आणि राउंड रॉबिन (आळीपाळीने) या दोन वर्गांत 1 ते 99 अग्रक्रम असतात आणि ते सगळ्या साध्या प्रोसेसच्या आधी चालतात. मुदतीवर चालणारा डेडलाइन वर्ग 2014 मध्ये 3.14 आवृत्तीत आला. असा अग्रक्रम देताना जपा. त्या प्रोसेसमध्ये न संपणारा लूप निघाला तर ती बाकी कुणाला पाळीच देणार नाही. म्हणूनच लिनक्सने वर्षानुवर्षे दर सेकंदातले 950 मिलिसेकंदच या वर्गांना द्यायचे आणि 50 इतरांसाठी राखायचे असा कुंपणाचा नियम ठेवला होता.

पण नुसता अग्रक्रम देऊन भागत नव्हतं, कारण कर्नल स्वतःच्या काही कामांत असताना त्याला मध्ये थांबवता येत नसे. पीआरईईएमपीटी-आरटी या प्रकल्पाने ते बदललं. कर्नलच्या आतली बरीचशी कुलुपं थांबवता येतील अशी केली, त्यांना अग्रक्रमाचा वारसा जोडला, आणि इंटरप्टवरची बहुतेक कामं स्वतंत्र थ्रेडमध्ये, म्हणजे शेड्युलर वेगळी पाळी देऊ शकेल अशा कामांत, टाकली, म्हणजे त्यांनाही अग्रक्रम लावता येतो. सुमारे वीस वर्षं हे काम मूळ लिनक्सच्या बाहेर, पॅच म्हणजे वरून लावायचं ठिगळ म्हणून चालू होतं. 2024 मध्ये 6.12 आवृत्तीत ते मूळ कर्नलमध्ये आलं. आता वेगळा पॅच न लावता, कर्नल बांधताना एक पर्याय निवडून ते मिळतं. लहान वर्कशॉपसाठी ही मोठी गोष्ट आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि हे घरी करून पाहता येतं. लिनक्ससीएनसी नावाची मोफत प्रणाली आहे, जुनी लेथ किंवा राउटर (लाकूड, प्लॅस्टिक कोरायचं यंत्र) संगणकावर चालवायला ती वापरतात. तिच्यासोबत लेटन्सी टेस्ट येते. जुना डेस्कटॉप घ्या, ती टेस्ट चालू करा आणि मग त्या मशीनला मुद्दाम छळा. मोठी फाइल कॉपी करा, व्हिडिओ लावा, खिडक्या इकडून तिकडे ओढा. टेस्ट सांगते की ठरल्या वेळेपेक्षा काम जास्तीत जास्त किती मागेपुढे झालं, आणि ते नॅनोसेकंदांत सांगते. स्टेपर मोटरला, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरला, लागणारे विजेचे ठोके (पल्स) थेट संगणकाने द्यायचे असतील तर हा आकडा 20,000 च्या आसपास किंवा खाली असलेला चांगला. 1,00,000 च्या वर गेला तर त्या कामाला ते मशीन घेऊ नये, मग स्वतः पल्स देणारं वेगळं कार्ड लावावं लागतं. कधी कधी भारी प्रोसेसरचा लॅपटॉप इथे नापास होतो आणि धूळ खात पडलेला जुना डेस्कटॉप पास होतो. लॅपटॉपमध्ये वीज वाचवायला प्रोसेसर सारखा झोपवतात आणि वेग कमी-जास्त करतात, शिवाय मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्यातच बसवलेला प्रोग्रॅम, कधीकधी कर्नलला न विचारता मधेच कोर स्वतःकडे घेतं. कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही, फक्त तेवढा वेळ गायब झालेला दिसतो. बायोसमध्ये, म्हणजे त्या फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, जाऊन वीज बचतीचे पर्याय एकेक बंद करत टेस्ट पुन्हा लावा. आकडा कुठल्या पर्यायाला कोसळला ते वहीत लिहून ठेवा, आणि लिहिताना जास्तीत जास्त मागेपुढे किती झालं, तो कमालचा रकाना लिहा.